पाथर्डी फाट्याचा फ्लॅट की इंदिरानगरचे भाडे: एका घराच्या निर्णयाचे प्रकरण

हे प्रकरण नाशिकला राहणाऱ्या माझ्या भाचीच्या घरातले आहे आणि तिला विचारूनच लिहितो आहे. माणसांची, इमारतींची आणि बिल्डरची नावे मुद्दाम गाळली आहेत. आकडे खरे आहेत, फक्त किरकोळ रक्कम सरळ केली आहे. मी बँकेच्या कर्ज विभागात नोकरी केली, त्यामुळे नात्यात कुणी घर घ्यायला निघाले की फाइल माझ्याकडे येते. ही फाइल आली तेव्हा टोकन द्यायला चार दिवस उरले होते.

जावई अंबडच्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात आहेत, हातात ४८,००० रुपये येतात. भाची खासगी विनाअनुदानित शाळेत शिकवते, तिचे २२,०००. मुलगी यंदा पहिलीत. सासू-सासरे निफाडकडे शेतीवर, दवाखान्याच्या निमित्ताने त्यांचे नाशिकला येणे-जाणे असते. इंदिरानगरला दोन बेडरूमचे भाड्याचे घर, भाडे १३,५००, डिपॉझिट ४०,०००. मेंटेनन्स मालकाकडे. जवळ जमा साधारण १४ लाख: मुदत ठेवी, थोडे म्युच्युअल फंड आणि भाचीच्या नावावरची एक आवर्त ठेव.

समोर आलेला फ्लॅट पाथर्डी फाट्याच्या पुढे, बांधकाम चालू असलेल्या इमारतीत. कार्पेट, म्हणजे भिंतींच्या आतले वापरायचे क्षेत्रफळ, ६४० चौरस फूट. ताबा दीड वर्षाने मिळणार होता.

"मामा, भाडं म्हणजे पाण्यात जाणारा पैसा. तोच हप्त्यात गेला तर घर तरी होईल," जावई म्हणाले. भाचीचे म्हणणे वेगळे होते आणि ते मला जास्त खरे वाटले. सहा वर्षांत हे त्यांचे तिसरे घर. पहिल्या मालकाच्या मुलाचे लग्न ठरले म्हणून निघावे लागले, दुसऱ्याने घर विकले. "अकरा महिने संपत आले की मी मालकांचा फोन उचलायला घाबरते," ती म्हणाली. भिंतीला खिळा ठोकायचा नाही ही मालकांची अट, म्हणून देवघर अजून शिलाई मशिनवर मांडलेले आहे. सासरे तर प्रत्येक फेरीला म्हणत, भाड्याचे घर आणि खाली कर.

घर घेण्याची निकड भाचीला होती, घाई जावयांना, आणि या दोघांच्या मध्ये विक्री प्रतिनिधी उभा होता. सिंहस्थ कुंभमेळा जवळ आला आहे, रस्ते होत आहेत, २०२७ च्या अमृतस्नानांनंतर हा भाव दिसणार नाही, हे त्याचे वाक्य जावयांना पाठ झाले होते. सिंहस्थ २००३ ला झाला, २०१५ ला झाला, दर वेळी शहरात सरकारी पैसा आला आणि रस्ते रुंद झाले, हे खरेच आहे. पण रस्त्याचा फायदा दर फ्लॅटला सारखा मिळत नाही, आणि जो वाढीव भाव पुढे येणार म्हणून सांगतात तो पुष्कळदा आजच्या कोटेशनमध्ये घालून झालेला असतो. म्हणून मी सिंहस्थ बाजूला ठेवला आणि कोटेशनचा कागद मागितला.

४४ लाखांचे घर कितीला पडते

कागदावर ठळक अक्षरात ४४ लाख होते. खाली बारीक अक्षरात पार्किंग आणि डेव्हलपमेंट चार्जेस मिळून अडीच लाख. म्हणजे करारनामा ४६.५ लाखांचा.

इथे एक रेघ आहे, ती फार थोड्या लोकांना माहीत असते. बांधकाम चालू असलेल्या घरावर १ एप्रिल २०१९ पासून जीएसटी ५ टक्के आहे. परवडणाऱ्या घराच्या व्याख्येत बसले तर फक्त १ टक्का. नाशिकसारख्या बिगर-महानगर शहरासाठी त्या व्याख्येत कार्पेट ९० चौरस मीटरपर्यंत चालते. हे घर साठच्या आत होते, क्षेत्रफळाची अडचण नव्हती. पण किंमत ४५ लाखांच्या वर जाता कामा नये, आणि त्या किमतीत पार्किंग, डेव्हलपमेंट चार्जेस हे सगळे धरतात. ४४ लाख ऐकून आपण एक टक्क्यात आहोत असे जावयांना वाटत होते. बारीक अक्षरातल्या अडीच लाखांनी त्यांना पाच टक्क्यांत नेऊन ठेवले होते. कर २,३२,५०० रुपये. हेच घर ४५ लाखांत बसले असते तर ४५,०००. ज्या इमारतीला पूर्णत्वाचा दाखला, म्हणजे आपण सगळे ज्याला कम्प्लीशन म्हणतो तो, मिळाला आहे त्यातल्या घरावर जीएसटी लागतच नाही.

पुढे मुद्रांक शुल्क. महापालिका हद्दीत ६ टक्के धरून २.७९ लाख, नोंदणी शुल्क ३०,०००. घर एकट्या बाईच्या नावावर घेतले तर राज्यात १ टक्का सवलत आहे, नवरा-बायकोच्या जोडनावावर ती मिळत नाही. नवरा मालक नसतानाही कर्जाला सहअर्जदार होऊ शकतो, हे मी सांगेपर्यंत दोघांनाही माहीत नव्हते. इथे त्यांनी जोडनावाचा अर्ज भरला होता, म्हणून मी सहाच धरले. बँकेची प्रोसेसिंग फी, वकील, गहाणखत मिळून ४०,०००. किचन ट्रॉली, ग्रिल, पंखे, गीझर यांना अडीच लाख, आणि तेही हात आखडून.

बेरीज जवळपास ५४.८ लाख झाली. ३० ते ७५ लाखांच्या कर्जाला रिझर्व्ह बँकेच्या नियमाने घराच्या किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंतच कर्ज मिळते, आणि त्या किमतीत मुद्रांक व नोंदणी धरत नाहीत. म्हणजे कर्ज ३७.२ लाख. स्वतःचे १७.६ लाख लागणार. जवळ १४. उरलेले ३.६ लाख सासरे द्राक्षाच्या पैशातून देणार होते. यंदा अवकाळीने बागेचे काय केले ते निफाडकडच्या कुणालाही विचारा.

हप्ता ८ टक्के दराने २० वर्षांसाठी ३१,१०० रुपये. पहिल्या वर्षी भरलेल्या पावणेचार लाखांतले जवळजवळ २.९५ लाख व्याजातच जातात, मुद्दल फिटते ७९,०००. भाडे पाण्यात जाते असे म्हणणाऱ्याने पहिली काही वर्षे व्याजाकडेही त्याच नजरेने पाहावे. वर्षाचे भाडे होते १.६२ लाख.

"पण टॅक्स वाचेल ना?" हा प्रश्न आलाच. जुन्या करप्रणालीत राहत्या घराच्या व्याजावर २ लाखांपर्यंत वजावट आहे आणि मुद्दलावरही वेगळी. नव्या प्रणालीत राहत्या घराला ती नाही. जावई नव्या प्रणालीत आहेत आणि २०२५-२६ पासून तिथे १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर, पगारदाराला प्रमाणित वजावट धरून १२.७५ लाखांपर्यंत, करच लागत नाही. त्यांचा वर्षाचा पगार त्याच्या पुष्कळ खाली. वाचवायला करच नाही, तर घर घेऊन काय वाचणार? विक्री कार्यालयातल्या तक्त्यात मात्र करबचतीचा रकाना होता आणि त्यात वर्षाला साठ हजारांचा आकडाही.

पाच वर्षे आणि पंधरा वर्षे

इथून पुढचा हिशेब मी दोघांना समोर बसवून केला, कारण माझे मत या एका ठिकाणी ठाम आहे: भाडे आणि हप्ता यांची नुसती तुलना करून काही कळत नाही. किती वर्षांनी हे घर सोडायची वेळ येऊ शकते, तो आकडा आधी ठरवावा लागतो.

धरले असे: भाडे आणि मेंटेनन्स वर्षाला ५ टक्क्यांनी वाढेल. घर न घेतल्यास हातातले १७.६ लाख आणि हप्ता व मेंटेनन्सच्या मानाने भाड्यात वाचणारा दरमहाचा फरक साडेसहा टक्क्यांनी ठेवीत राहील. मेंटेनन्स २,५०० रुपये.

पाच वर्षांनी विकायची वेळ आली, तर तोवर कर्ज ३२.५ लाखांच्या आसपास शिल्लक असेल, कारण आधी व्याजच फिटत असते. भाड्याने राहिलेल्याच्या हातात तोवर साडेसदतीस लाख जमलेले असतील. बरोबरी साधायला, म्हणजे कर्ज फेडून तेवढेच हातात उरायला, ४६.५ लाखांचा फ्लॅट ७० लाखांना विकला गेला पाहिजे. वर्षाला साडेआठ टक्के वाढ, सलग पाच वर्षे, आणि तीही जुन्या झालेल्या फ्लॅटला, ज्याच्या शेजारी तेव्हा नव्या इमारती उभ्या असतील.

तेच पंधरा वर्षे धरले तर विक्रीची बरोबरी १ कोटी ९ लाखांवर येते. आकडा मोठा दिसतो, पण वाढीचा दर सहा टक्क्यांच्या आतच राहतो. मुद्रांक, जीएसटी हे एकदाच जाणारे पावणेसहा लाख पंधरा वर्षांवर विभागले जातात, आणि भाडे दरवर्षी चढत असते तर हप्ता तिथेच उभा राहतो.

मग प्रश्न आला पंधरा वर्षे इथेच राहणार का. जावई थोडे थांबले. त्यांच्या कारखान्यातली एक लाइन चाकणला हलवायची चर्चा वर्षभर चालू आहे. त्यांचा विभाग त्यात आहे की नाही हे कुणी सांगत नाही. भाची हे पहिल्यांदाच ऐकत होती. त्या संध्याकाळी घराचा विषय तिथेच थांबला, आणि तो थांबायलाच हवा होता.

दोन दिवसांनी परत बसलो तेव्हा महिन्याचे अंदाजपत्रक मांडले. ७०,००० येणार. हप्ता आणि मेंटेनन्स ३३,६००. उरले ३६,४००. त्यांचा घरखर्च, मुलीची फी, सासूबाईंची औषधे आणि पेट्रोल मिळून ३५,००० होतो, आणि तो मी त्यांच्याच मोबाइलमधल्या यूपीआयच्या नोंदींवरून काढला. म्हणजे हातात १,४०० रुपये, आणि बँकेत शून्य, कारण होते ते सगळे घरात गेलेले. शिवाय ताब्यापर्यंतचे दीड वर्ष भाडे आणि बँक कर्जाचे पैसे टप्प्याटप्प्याने देईल तसे चढत जाणारे व्याज असा दुहेरी भार. भाचीच्या शाळेत कोरोनाच्या वर्षी सहा महिने निम्मा पगार मिळाला होता. तसे पुन्हा झाले तर हप्ता चुकायला वेळ लागत नाही. पाथर्डी फाट्याचा फ्लॅट या एका कारणाने बाद झाला. भाव वाढो न वाढो, ज्या घरामुळे आजारपणाला दहा हजार उरत नाहीत ते घर त्या घटकेला आपले नाही.

हिशेबात बसलेले घर

भाचीने हार मानली नाही. तिने सिडकोच्या बाजूला, शाळेपासून चालत जाता येईल असा रिसेल फ्लॅट शोधला. तळमजला अधिक तीन, लिफ्ट नाही, दुसरा मजला, पंधरा वर्षांची इमारत, ३६ लाख. हा हिशेब मात्र सुरेख बसत होता. रिसेलला जीएसटी नाही. तिच्या एकटीच्या नावाने मुद्रांक ५ टक्के, १.८ लाख. कर्ज २८.८ लाख, हप्ता २४,१००. नोंदणी, वकील आणि दुरुस्ती धरून स्वतःचे ११.३ लाख, म्हणजे पावणेतीन लाख गाठीला राहत होते. पाच वर्षांत विकायची वेळ आलीच तर ४९ लाखांना बरोबरी, वर्षाला साडेसहा टक्क्यांच्या आत. जावईही खूश होते. स्वयंपाकघराची खिडकी पूर्वेला, समोर कडुनिंब. भाचीने देवघराची जागा मनात ठरवूनही टाकली होती.

मी कागद मागितले. इंडेक्स टू, म्हणजे खरेदीच्या नोंदणीचा उतारा, आले, घरपट्टीची पावती आली, वीजबिल आले. कम्प्लीशन आले नाही. विकणारे गृहस्थ सज्जन होते, त्यांनी लपवले नाही. इमारत कपाटात अडकलेली होती.

नाशिककराला यापुढे फार सांगावे लागत नाही, पण बाहेरच्या वाचकासाठी सांगतो. शहरात कित्येक इमारतींत मंजूर नकाशावर कपाट म्हणून दाखवलेली जागा प्रत्यक्षात खोलीत घेतली गेली. ती चटई क्षेत्रात मोजायची ठरली तर बांधकाम मंजुरीपेक्षा जास्त भरते. २०१५ च्या सुमारास महापालिकेने यावर बोट ठेवले आणि अशा इमारतींचे पूर्णत्वाचे दाखले अडकून पडले. पुढे नियमित करण्याच्या वाटा निघाल्या, काही इमारती सुटल्या. पण त्यासाठी अर्ज करायला आणि पैसे भरायला कुणीतरी पुढे यावे लागते. इथे बिल्डर केव्हाच गाशा गुंडाळून गेला होता आणि सोसायटीतले लोक वर्गणीवर एकमत करत नव्हते.

दुसरी गोष्ट कन्व्हेयन्स, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर होणे. जमीन अजून मूळ मालकाच्याच नावावर. मोफा या राज्याच्या फ्लॅटविषयीच्या कायद्यात मानीव अभिहस्तांतरणाची, म्हणजे डीम्ड कन्व्हेयन्सची सोय आहे, जिल्हा उपनिबंधकाकडे सोसायटी स्वतः अर्ज करू शकते. तोही केलेला नव्हता. वीस-पंचवीस वर्षांनी इमारत पाडून नवी बांधायची वेळ येईल तेव्हा जमीन कुणाची हा प्रश्न सगळ्यात आधी उभा राहणार.

राष्ट्रीयीकृत बँकेने कम्प्लीशन नाही म्हणून फाइल परत केली. एक गृहवित्त कंपनी कर्ज द्यायला तयार होती, दर दीड टक्क्याने जास्त. दलाल म्हणाला, "सगळे असेच राहतात, काय बिघडतं?" राहतात, खरे आहे. राहायला काही बिघडत नाही. विकायला गेल्यावर मात्र पुढच्या गिऱ्हाइकाची बँक हाच प्रश्न विचारते, आणि मग तुमचे गिऱ्हाईक फक्त रोखीवाले उरतात. साडेसहा टक्क्यांचा माझा सगळा हिशेब घर बाजारभावाने विकता येईल या गृहीतावर उभा होता. हे घर तसे विकता येणार नव्हते. भाची रडली, आणि मला वाईट वाटले. तरी मी नको म्हणालो.

मग भाडेच, पण वेगळ्या कागदावर

आता भाचीच्या मूळ दुखण्याकडे वळलो. तिला घराच्या मालकीइतकीच, किंबहुना जास्त, निश्चिंती हवी होती. अकरा महिन्यांचा करार ही रूढी आहे, कायद्याने घातलेले बंधन नाही. लिव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे ठरावीक मुदतीसाठी घर राहायला देण्याचा, करार ६० महिन्यांपर्यंत करता येतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार कितीही महिन्यांचा असो, तो लेखी आणि नोंदणीकृतच हवा, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. नोंदणी नसेल तर अटींबाबत वाद झाल्यास भाडेकरूचे म्हणणे खरे धरले जाते. मालकालाही कलम २४ चे संरक्षण आहे: मुदत संपूनही घर सोडले नाही तर दुप्पट दराने भरपाई.

त्यांचे मालक निवृत्त शिक्षक, मुलाकडे पुण्याला असतात. त्यांची काळजी अशी की भाडेकरू दर वर्षी बदलला की महिना-दीड महिना घर रिकामे, दलाली वेगळी, रंग वेगळा. मी जावयांना म्हटले, फोनवर नको, दोघे जाऊन भेटा. ते गेले. भाचीने मागणी स्पष्ट मांडली: ३६ महिने, दर वर्षी ५ टक्के वाढ आधीच लिहून, त्या काळात मालकांनी घर रिकामे करायला सांगायचे नाही, आणि चाकणची बदली आलीच तर यांना दोन महिन्यांच्या सूचनेवर निघता येईल. देवघरासाठी दोन खिळेही मागून घेतले. "सर, भिंत जाताना आम्ही बुजवून देऊ," असे म्हणाल्यावर सर हसले आणि हो म्हणाले.

मुद्रांक शुल्क तीन वर्षांच्या एकूण भाड्याच्या पाव टक्का, अधिक डिपॉझिटवर धरलेल्या व्याजाचा थोडासा भाग: सगळे मिळून १,३०० रुपयांच्या आसपास. नोंदणी १,००० रुपये. सरांचा अंगठा पुण्यातच बायोमेट्रिकवर झाला, यांचा इंदिरानगरला. पोलिसांकडे भाडेकरूची माहिती मालकांनी ऑनलाइन भरली.

या पर्यायाला एक कच्चा दुवा आहे आणि तो मी दोघांना पुन्हा पुन्हा सांगितला. भाड्यात राहण्याचा फायदा कागदावरचा आहे, जोवर फरकाची रक्कम खरोखर बाजूला पडत नाही. हप्ता बँक कापून नेते, बचत कुणी कापून नेत नाही. आपल्याकडे हजारो घरे हप्त्याच्या धाकानेच झाली आहेत, त्या धाकाला मी कमी लेखत नाही. म्हणून पगार झाल्याच्या दुसऱ्या दिवशी १८,००० रुपये आपोआप वळते होतील असे लावून दिले. भाचीच्या पगारातून आठ, जावयांच्या पगारातून दहा. पहिल्या चार महिन्यांत एकदाही मोडले नाही, दिवाळीच्या महिन्यातसुद्धा नाही.

जावयांचे समाधान पूर्ण झालेले नाही. भाव पळाले तर, हा त्यांचा प्रश्न रास्त आहे. मी तोही मांडून दाखवला. भाव वर्षाला ७ टक्क्यांनी वाढले तर तसाच फ्लॅट तीन वर्षांनी ५७ लाखांच्या जवळ जाईल. पगारही तेवढ्याच गतीने वाढले तर हप्त्याचा भार आजच्याइतकाच, ४४ टक्क्यांच्या घरात राहील. पण तेव्हा हातात २४ लाख असतील, सगळे देऊन-घेऊनही दोन-अडीच लाख गाठीला उरतील आणि चाकणचे काय ते तोवर ठरलेले असेल. पगार मागे पडले तर मात्र त्यांना लहान घरावर किंवा रिसेलवर यावे लागेल. हे त्यांना आवडले नाही, भाचीला चालणार आहे.

शोध थांबवलेला नाही. रिसेल, ४० लाखांच्या आत, शाळेच्या परिसरात, कम्प्लीशन हातात आणि कन्व्हेयन्स झालेले किंवा अर्ज तरी दाखल, असे घर मिळाले तर ३६ महिने पूर्ण व्हायची वाट पाहायची नाही, दोन महिन्यांची सूचना देऊन निघायचे, असे ठरले आहे. मागच्या रविवारी राणेनगरकडे एक घर पाहून आले. कम्प्लीशन आहे, कन्व्हेयन्सचा अर्ज गेलेला आहे, मालक ४३ सांगतात. सोसायटीच्या सचिवांकडून अर्जाची पोच मागवली आहे. ती आल्यावर ४० ला बोलायचे.